हरणीच्या दोषाची टक्केवारी

पंचाक्षरी आरबोळे यांच्या फियाट गाडीच्या डिकीवर रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता म्हैस चढली, याविषयी मंगळवार पेठेत दुमत नव्हते. म्हैस आरबोळ्यांकडे दूध घालणाऱ्या हंबीरराव गवळ्यांची होती, तिचे नाव हरणी होते, आणि तिने डिकीवर पुढचे दोनच पाय ठेवले होते, मागचे दोन्ही जमिनीवरच होते, हेही सर्वांना मान्य होते. वाद उत्पन्न झाला तो पुढे. चूक कोणाची आणि ती किती टक्के, या मुद्द्यावर. तो एकदा उत्पन्न झाल्यानंतर अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीपर्यंत आरबोळ्यांनी दुसऱ्या कोणत्याही विषयात मन घातले नाही.

आरबोळे पाटबंधारे खात्यात मुख्य आरेखक होते. इतरांनी काढलेले कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे तपासणे हे त्यांचे काम; अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी नकाशा परत पाठवणे ही त्यांची ख्याती. अशा मनुष्याच्या हातून वाहन चालवताना चूक घडावी ही गोष्ट खुद्द त्यांनाच इतकी असंभाव्य वाटत असे, की फियाट घेतल्यापासून त्यांनी तिचा वेग ताशी तीसच्या वर जाऊ दिला नव्हता. मागून येणारी वाहने भोंगे वाजवीत, चालक मान बाहेर काढून काही उद्गार काढीत. आरबोळे ते उद्गार ऐकून घेत आणि वेग पंचवीसवर आणीत.

अपघाताच्या आदल्या दिवशी ते पत्नी शांभवीबाईंसह गारगोटीला एका साखरपुड्याला गेले होते. परतीच्या वाटेवर एका खड्ड्यात फियाटचा सायलेन्सर निखळून पडला. तो त्यांनी रुमालाने पुसून डिकीत ठेवला आणि उरलेले अंतर तोफखान्यासारखा आवाज करीत, परंतु ताशी वीसच्या मर्यादेत, पार केले. रविवारी सकाळी लौकर गाडी मेकॅनिककडे नेऊन सोडावी, असा त्यांचा बेत होता. बेतात दोष नव्हता. दोष, असलाच तर, पाडव्याचा होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढे सांगणे अवश्य आहे की दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगे रंगवतात, अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, गळ्यात घुंगरांचे पट्टे बांधतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढे निघतो आणि म्हैस, दोरी नाही, काठी नाही, केवळ त्या आवाजामागे जीव खाऊन धावते. हरणीला त्याहून एक कला जास्त येत होती. मोटारसायकल थांबली की ती पुढचे पाय उचलून कॅरिअरवर ठेवी आणि मान वर करून उभी राही. मग तिला गुळाचा खडा मिळे. गेली तीन वर्षे पाडव्याच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे धावण्याचा मान तिचा होता, आणि गणपती विसर्जन झाले की हंबीरराव रोज सकाळी तिचा सराव घेत.

त्या रविवारी सराव आटोपून हंबीरराव चहाच्या गाड्यावर बसले होते. मोटारसायकल बंद होती, हरणी बाजूला मोकळी उभी होती. तेवढ्यात समोरून आरबोळ्यांची फियाट गेली.

हरणीने कान टवकारले आणि ती निघाली. आरबोळ्यांना आरशात प्रथम एक शिंग दिसले, नंतर दुसरे, आणि मग आरशात दुसरे काही मावेनासे झाले. जनावराला भोंगा वाजवून हाकलावे, हा पहिला विचार. परंतु उजव्या हाताला प्रसूतिगृह होते आणि त्याच्या भिंतीवर ‘शांतता राखा, भोंगा वाजवू नये’ अशी पाटी होती. सायलेन्सर नसलेल्या गाडीतून जाणाऱ्या मनुष्याने ती पाटी मनावर घेण्याचे कारण नव्हते, असे कोणी म्हणेल. पण आरबोळे पाटी वाचूनही न वाचल्यासारखे करणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी भोंग्याला हात लावला नाही. जनावर बुजून मागे सरावे म्हणून त्यांनी केवळ इंजिनाचा आवाज तीन वेळा वाढवला आणि गाडी शांतपणे डाव्या अंगाला उभी केली.

हरणीने पुढचे पाय डिकीवर ठेवले आणि मान वर केली.

डिकी आत गेली. मागची काच फुटली. आरबोळ्यांचा पाय ब्रेकवरून निसटला आणि फियाट पुढे सरकून विजेच्या खांबाला लागली. डावा दिवा गेला, बॉनेट दुमडले. आधार सुटल्यामुळे हरणी खाली आली, गाडीला वळसा घालून चालकाच्या खिडकीशी गेली आणि तिने तोंड आत घातले. हंबीरराव धावत आले. इतक्या गंभीर प्रसंगी मनुष्य प्रथम काय बोलतो यावरून त्याची परीक्षा होते, असे आरबोळे पुढे अनेकदा म्हणत. हंबीरराव म्हणाले, “सायेब, गूळ द्या तिला. दिल्याबिगर न्हाय हलायची ती.”

आरबोळ्यांच्या गाडीत गूळ नव्हता.

संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रीघ लागली. खालच्या मजल्यावरचे आकारामतात्या एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेले. अपघात या विषयातला त्यांचा अधिकार पेठेत निर्विवाद होता. त्यांचे मत पडले की विमा कंपनीला म्हैस सांगूच नये. अज्ञात ट्रकने मागून धडक दिली, गाडी खांबावर गेली, ट्रक पळून गेला. मागचे-पुढचे दोन्ही नुकसान एका वाक्यात बसते. आरबोळ्यांनी त्यांना डिकीजवळ नेले आणि पत्र्यावर स्वच्छ उमटलेले दोन खूर दाखवले. आकारामतात्यांनी ते वाकून पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग ट्रकात म्हस हुती म्हणायचं.”

समोरच्या अक्काताईंनी दृष्ट काढण्यासाठी लिंबे पाठवली. शांभवीबाईंनी त्यांचे सरबत केले. आरबोळ्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि दावा-अर्ज शाईच्या पेनाने भरला. ‘धडक देणाऱ्या वाहनाचा प्रकार’ या रकान्यात त्यांनी ‘म्हैस’ असे लिहिले. ‘नोंदणी क्रमांक’ या रकान्यात हरणीच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहिला.

विमा कंपनीच्या खिडकीवरील कारकुनाने अर्ज परत केला. म्हैस हे वाहन नव्हे, सबब तो रकाना कोरा ठेवावा, असे त्याचे म्हणणे. कोरा रकाना म्हणजे दडवलेली माहिती, असे आरबोळ्यांचे म्हणणे. या मुद्द्यावर तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेस कारकुनाने वैतागून बिल्ल्याचा क्रमांक आपल्या नोंदवहीत ताडून पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. दूध संस्थेच्या कर्जावर घेतलेल्या जनावरांचा विमा याच शाखेकडे होता. हरणीचा विमा याच शाखेने उतरवला होता. म्हणजे धडक देणारी आणि धडक खाणारा, दोघेही कंपनीच्याच आश्रयाला होते, आणि कंपनीला आता स्वतःशीच भांडणे भाग होते.

कंपनीने भांडण टाळून गणित केले.

त्यासाठी जोतीराम सरनोबत नावाचे सर्व्हेअर आले. त्यांची स्कूटर जुनी होती. ती चालू करण्यास जेवढा वेळ लागे त्याहून कमी वेळात ते पाहणी उरकीत, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी खुरांची मापे घेतली, खांब पाहिला आणि सायलेन्सर कोठे आहे असे विचारले. आरबोळ्यांनी डिकी उघडून (ती आता पहारीने उघडावी लागे) सायलेन्सर दाखवला, आणि तो अपघातापूर्वीच निखळला होता हेही, कोणी विचारले नसताना, सांगितले. सरनोबतांनी ते लिहून घेतले आणि स्कूटरला किका मारण्यास सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी पत्र आले. आरबोळ्यांनी अर्जात पत्ता कचेरीचा दिला होता, ही त्यांची या प्रकरणातली पहिली चूक. सरकारी कचेरीत आलेले पत्र कोणाचेही असो, ते आवक विभागात फोडले जाते, त्याला क्रमांक पडतो आणि ते वरून खाली प्रवास करते. आरबोळ्यांच्या टेबलावर येईपर्यंत त्यावर अधीक्षकांची सही आणि कार्यकारी अभियंत्यांचा ‘पाहिले’ असा शेरा होता. मजकूर थोडक्यात असा: सायलेन्सरविरहित वाहन रहदारीत आणून चालकाने निष्काळजीपणा केला; अपघातास चालक साठ टक्के व जनावर चाळीस टक्के जबाबदार धरण्यात येत आहे; भरपाई त्या प्रमाणात मिळेल.

पैशांचे आरबोळ्यांना फारसे वाटले नाही. त्यांच्या नजरेपुढून हलेना तो ‘निष्काळजीपणा’ हा शब्द. सव्वीस वर्षांत जो शब्द त्यांनी इतरांच्या नकाशांवर तांबड्या पेन्सिलीने लिहिला, तो आवक क्रमांकासह त्यांच्या नावापुढे आला होता. दुपारी चहाच्या वेळी एका कनिष्ठ आरेखकाचा नकाशा त्यांनी परत केला, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, माझी चूक चार टक्केसुद्धा भरणार नाही.” कोणी हसले नाही. सगळे आपापल्या नकाशावर वाकले, आणि ते वाकणे हसण्याहून वाईट होते.

शून्य. आरबोळ्यांना आपल्या नावापुढे शून्य हवे होते; साठ नको, सहा नको, अर्धा टक्काही नको.

त्यांनी अकरा पृष्ठांची हरकत लिहिली आणि तिला अपघातस्थळाचा नकाशा जोडला. एकास शंभर प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, रस्त्याचा उतार, विजेचा खांब, चहाचा गाडा, प्रसूतिगृहाची पाटी. फियाटचा मार्ग अखंड रेषेने, हरणीचा तुटक रेषेने. कोपऱ्यात म्हैस डिकीवर असतानाचा उभा छेद. नकाशाखाली नऊ टिपा होत्या, आणि त्यांतल्या सातव्या टिपेचा आरबोळ्यांना विशेष अभिमान होता: ‘पाटीचा मान राखून चालकाने भोंगा वाजवला नाही, जनावरास इशारा म्हणून इंजिनाचा आवाज तीन वेळा वाढवला.’ एवढे संकट ओढवले असतानाही पाटी पाळणारा मनुष्य निष्काळजी कसा, असा तिचा रोख होता. शांभवीबाईंनी नकाशा पाहून एवढेच विचारले, की म्हशीचे डोळे काढायचे राहिलेत का. आरबोळे म्हणाले की उभ्या छेदात डोळे दाखवीत नाहीत.

हरकतीवर सुनावणी लागली. शाखाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर एका खुर्चीवर आरबोळे नकाशाची गुंडाळी घेऊन बसले, दुसरीवर हंबीरराव फेटा बांधून. आरबोळ्यांची अपेक्षा होती की आपली बाजू मान्य झाली तर ते टक्के हंबीररावांना सोसावे लागतील आणि ते तंटा करतील. परंतु हंबीररावांना आरबोळ्यांच्या टक्क्यांत रस नव्हता. त्यांचे दुःख निराळे होते.

“साठ ह्यांचं ऱ्हाऊ द्या, न्हायतर काढून टाका, मला त्यातलं काय कळत न्हाय,” ते म्हणाले. “पण हरणीवर चाळीस कशापायी? आवाज आला, पळाली. गाडी थांबली, पाय ठेवलं. शिकिवलंय तेच केलं की तिनं. ह्यात जनावर चुकलं कुठं, ते दाखवा.”

आरबोळ्यांनी नकाशा उलगडून दाखवण्यास सुरुवात केली. तिसऱ्या टिपेपर्यंत शाखाधिकारी जागे होते. चौथ्या टिपेवर त्यांनी हात वर केला आणि निर्णय दिला की दोन्ही पक्ष म्हशीच्या मनाविषयी बोलत आहेत आणि ते कागदावर समजण्यासारखे नाही; तेव्हा प्रात्यक्षिक व्हावे. मोकळ्या मैदानावर प्रथम मोटारसायकल, नंतर सायलेन्सर काढलेली फियाट चालवावी. म्हैस फियाटमागे धावली तर दोष आवाजाचा, म्हणजे चालकाचा. न धावली तर त्या दिवशीचे धावणे म्हणजे जनावराची लहर.

प्रात्यक्षिकाची वार्ता पेठेत पसरण्यास एक दिवस पुरला. मैदानावर दोनशे माणसे जमली. भेळेची गाडी आली. मेकॅनिकने नुकताच जोडलेला सायलेन्सर पुन्हा काढला आणि काढण्याचे व जोडण्याचे पैसे वेगळे लागतील असे बजावले. आकारामतात्या मधोमध उभे राहून लोकांना मागे सरण्यास सांगत होते, जणू हे सर्व त्यांच्याच सूचनेवरून घडत होते. सरनोबत स्कूटरवरून आले. गर्दीमुळे त्यांना स्कूटर मैदानातच उभी करावी लागली.

हंबीररावांनी मोटारसायकल चालू केली. हरणी पन्नास पावलांवर गवत हुंगत उभी होती. त्यांनी आवाज वाढवला. एकदा. दोनदा. तीनदा. तिसऱ्या आवाजाला हरणीने मान उचलली आणि ती सरळ रेषेत निघाली. हंबीररावांनी मैदानाला एक वळसा घातला, मोटारसायकल थांबवली; हरणीने कॅरिअरवर पाय ठेवून मान वर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आरबोळ्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती आणि गुंडाळीच्या आत सातवी टीप होती. तीन वेळा. ते हंबीररावांजवळ गेले आणि त्यांनी हळूच विचारले की तीनदाच का. हंबीरराव गूळ भरवीत म्हणाले की एक-दोन आवाज कुणाच्याही फटफटीचे येतात. तीन म्हणजे मालकाची हाक.

आता फियाटची पाळी होती. मैदान मोकळे व्हावे म्हणून सरनोबतांना स्कूटर बाजूला घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी किका मारल्या. अकराव्या किकेला स्कूटरने जीव धरला. तो पुन्हा जाऊ नये म्हणून त्यांनी मूठ पिळून आवाज वाढवला. एकदा, दोनदा, आणि सुरक्षिततेसाठी तिसऱ्यांदा. आरबोळ्यांनी “थांबा” म्हणण्यासाठी तोंड उघडले, परंतु काय थांबवायचे आणि का, हे सांगण्यास किमान तीन वाक्ये लागली असती. हरणी तेवढी थांबली नाही. तिने सरनोबतांच्या मागच्या सीटवर पाय ठेवले. स्कूटर एका बाजूला गेली, सरनोबत दुसऱ्या बाजूला गेले, आणि हरणी मधोमध उभी राहून गुळाची वाट पाहू लागली.

सरनोबतांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसले. प्रात्यक्षिक तहकूब झाले ते झालेच. आठ दिवसांत नवे पत्र आले. सर्व्हेअरच्या फेरअहवालानुसार सदर जनावर उधळणाऱ्या स्वभावाचे असून मालकाच्या ताब्यात राहत नाही. अपघातास ते शंभर टक्के जबाबदार आहे. चालकाचा दोष शून्य. सायलेन्सरचा उल्लेख अहवालातून नाहीसा झाला होता. पत्रावर कार्यकारी अभियंत्यांचा ‘पाहिले’ हा शेरा होता, आणि या खेपेस त्याखाली ‘अभिनंदन’ असेही लिहिलेले होते. कनिष्ठ आरेखकाने कचेरीत पेढे वाटले. आरबोळ्यांनी एक पेढा घेतला, तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि पत्र दुसऱ्यांदा वाचले.

शून्य मिळाले होते. ते अकरा पानांनी मिळाले नव्हते, नकाशाने मिळाले नव्हते. स्कूटरची मूठ तीनदा पिळणाऱ्या एका मनुष्याने आपली चूक झाकण्यासाठी ते दिले होते. आरबोळ्यांना दोषी ठरवले असते तर सरनोबतांना स्वतःलाही ठरवावे लागले असते. ज्या नकाशाची एक रेषा चुकीची असून उत्तर बरोबर येते, असा नकाशा आरबोळ्यांनी जन्मात मंजूर केला नव्हता. इथे तर उत्तरही चुकीचे होते.

दूध मात्र नियमित येत होते. हंबीरराव पूर्वीप्रमाणे सकाळी येत, माप भरून पातेल्यात ओतीत आणि वरून थोडे घालीत. फक्त बोलत नसत. चौथ्या दिवशी शांभवीबाईंनी त्यांना थांबवून विचारले, तेव्हा कळले की अहवालाची प्रत दूध संस्थेत लागली आहे. पाडव्याच्या मिरवणूक मंडळाने निरोप धाडला होता: अधिकाऱ्याचा हात मोडणारी म्हैस मोकळी सोडता येणार नाही, यंदा हरणीने दोरी बांधून, सर्वांच्या मागून चालावे.

आरबोळे आतून बाहेर आले. हंबीररावांनी किटली खाली ठेवली.

“सायेब, तुमी मापानं बोलणारी मानसं,” ते म्हणाले. “त्या दिवशी गाडीत तुमी एकलंच हुता. मला पैसं नको, कागद नको. एवढंच सांगा, हरणी चुकली?”

 आरबोळे आत गेले, नकाशा घेऊन आले आणि त्यांनी तो व्हरांड्यात पसरला. उलगडलेल्या नकाशाची दोन टोके त्यांनी पकडली, दोन हंबीररावांना पकडायला दिली, आणि सातवी टीप मोठ्याने वाचून दाखवली. हंबीररावांनी ती एकदा ऐकली. मग पुन्हा वाचायला सांगितली.

“म्हंजी तुमीच बोलिवलं की तिला,” ते सावकाश म्हणाले.

“अजाणता,” आरबोळे म्हणाले.

“अजाणता का हुईना. बोलिवलं. ती आली. आणि तुमी गूळ बी दिला न्हाईसा.”

  शांभवीबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या की गेले सहा आठवडे या घरात जेवताना टीप पहिली ते टीप नववी यांवाचून दुसरे काही ऐकू आलेले नाही; त्यांचा अर्थ आज पहिल्यांदा कोणाला तरी कळला, हे बरे झाले.

आरबोळ्यांनी पेन्सिल आणली. आपल्या वागण्याची जबाबदारी किती, हे ठरवण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाच्या नकाशाइतक्याच कठोरपणे केले. सायलेन्सर नसताना गाडी बाहेर काढली. तीनदा आवाज देऊन बोलावले. ब्रेकवरून पाय सुटला. त्यांच्या हिशेबाने आकडा नव्वदपर्यंत गेला. हंबीरराव बराच वेळ ते पाहत होते, शेवटी ते संकोचून म्हणाले, “माझं बी काय धरा की. म्या च्या पीत हुतो. दावं सोडून ठेवलं हुतं.” त्यावर वाद झाला. आरबोळे दहाच्या वर द्यायला तयार नव्हते, हंबीरराव चाळीस मागत होते. दोष आपल्याकडे ओढून घेण्यासाठी दोन माणसे व्हरांड्यात आवाज चढवून भांडत आहेत, हे ऐकून आकारामतात्या वर आले आणि काही न समजून खाली गेले. अखेरीस चालक सत्तर, मालक तीस, जनावर निरंक, असे ठरले. कंपनीने मुळात साठ दिले होते. खरा आकडा त्याहून अधिक निघाला, याचे आरबोळ्यांना दुःख झाले. कंपनीचे काम किती कच्चे होते हे त्यावरून सिद्ध झाले, याचे थोडे समाधानही झाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या खिडकीवर त्यांनी अर्ज दिला. कारकुनाने विषय वाचला: ‘दोष वाढवून मिळणेबाबत.’

“कमी करून मिळणेबाबत असेल, साहेब,” तो म्हणाला.

“वाढवून,” आरबोळे म्हणाले. “आणि माझ्या नावे सत्तर झाल्याखेरीज मी हलणार नाही. जनावराच्या नावापुढे काहीही राहता कामा नये.”

कारकून अर्ज घेऊन आत गेला. शाखाधिकाऱ्यांनी आरबोळ्यांना बोलावून बसवले, पाणी दिले आणि घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले. अशा अर्जाची तरतूद नाही, असे ते म्हणाले. तरतूद नसणे म्हणजे मनाई नव्हे, असे आरबोळे म्हणाले, आणि त्यांनी नकाशा उलगडण्यास सुरुवात केली. शाखाधिकाऱ्यांनी नकाशाकडे पाहिले, मागील सुनावणी आठवली आणि लगेच पेन उचलले. शिवाय या अर्जाने कंपनीला द्यावी लागणारी रक्कम घटत होती, हेही तोवर त्यांच्या ध्यानात आले होते. भरपाई वाढवण्याच्या अर्जाला ज्या कचेरीत दोन महिने लागतात, तिथे हा अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. दुरुस्त अहवालाची एक प्रत दूध संस्थेला गेली, एक मिरवणूक मंडळाला. एक सरनोबतांनाही गेली. त्याच हिशेबाने आपल्या पडण्यात आपले किती टक्के, हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी डाव्या हाताने हरकत लिहायला घेतल्याचे ऐकिवात आले.

आरबोळ्यांच्या कचेरीतही पत्र यथाक्रम आवक होऊन आले. ‘चालकाचा दोष सत्तर टक्के.’ कार्यकारी अभियंत्यांनी ‘पाहिले’ असे लिहिले होते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. आरबोळ्यांनी पत्र स्वतःच कनिष्ठ आरेखकाच्या टेबलावर नेऊन ठेवले, त्याचे वाचून होईपर्यंत उभे राहिले आणि मग त्याचा परत केलेला नकाशा पुन्हा परत केला.

पाडव्याच्या दिवशी ते शांभवीबाईंसह रस्त्याच्या कडेला उभे होते. फियाट अद्याप मेकॅनिककडेच होती. मिळालेल्या तीस टक्क्यांत फक्त मागची काच आणि दिवा बसला होता, डिकी तशीच होती. घुंगरांचा आवाज आला, मोटारसायकलचा आला, आणि सर्वांच्या पुढे, दोरीवाचून, हरणी धावत आली. तिची शिंगे तांबडी रंगवलेली होती, कपाळावर मोरपीस होते. काळ्याभोर कुशीवर पांढऱ्या रंगाने हंबीररावांनी तिचे नाव लिहिले होते आणि त्याखाली, दुरून वाचता यावे एवढ्या मोठ्या अक्षरांत, ‘दोष ० टक्के’.

पेठेतले लोक वाचून हसले. बाहेरगावचे अर्थ विचारू लागले आणि आकारामतात्या सांगू लागले.  आरबोळे पुढे वाकून ते शून्य पाहत होते. कंपास न लावता, एका हाताच्या फटक्यात, हलत्या म्हशीच्या अंगावर ते काढलेले होते. ती समोरून निघून जाईपर्यंत त्यांनी ते नीट तपासले आणि त्यात त्यांना कोठेही दुरुस्ती सुचवता आली नाही.